डावा कौल

आये,

तुला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच आहे. तू होतीस तेव्हाही तुझी पत्रं तुला मीच वाचून दाखवायची. बाबांचं मुंबईहून कार्ड आलं की हातातलं काम टाकून तू उंबऱ्यावर बसायचीस, आणि मी घाईघाईत वाचलं की डाफरायचीस, एवढी कसली घाई, तुझी आगबोट सुटतेय का म्हणून. आता हे वाचून दाखवायलाही कोणी नाही. तू गेलीस तेव्हा बेचाळीस वर्षांची होतीस आणि मी आता ऐंशीला टेकलेय. आज रस्त्यात भेटलो तर तूच मला वाकून नमस्कार करशील. इतकी वर्षं गप्प बसले ती बसले, मग आताच काय एवढं झालं, असं तू विचारशील. सांगते. तुला कुठलीही गोष्ट मुळापासून ऐकायची सवय, मधलं गाळलेलं तुला चालायचं नाही.

गेल्या महिन्यात माझ्याबरोबर शाळेत शिकवायला असलेल्या एका बाईंना घेऊन मी गोव्याच्या हॉस्पिटलात गेले होते. त्यांना तुझंच दुखणं झालंय. आता लोक त्याला सरळ नावानं हाक मारतात. कॅन्सर आहे म्हणतात, केमो चालू आहे म्हणतात, आणि त्याच दमात चहा घेणार का म्हणून विचारतात. तिथे एक कोवळी पोरगी हातात कागद घेऊन आली नि बाईंच्या शेजारी टेकली. तपासायला नव्हे, नुसती विचारायला. गेल्या आठवड्यात चिडचिड झाली का? कशातच मन लागत नाही असं वाटलं का? आपला घरच्यांना भार झालाय असं वाटतं का? कोंडल्यासारखं होतं का? प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. बाई हसायला लागल्या, म्हणाल्या, मेलं हे काय परीक्षेला बसवल्यासारखं. मला मात्र हसू येईना. मी बाजूच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात तुझ्या नावाचा कागद भरत होते आणि प्रत्येक वेळी शेवटच्या चौकटीत खूण करत होते. तुला असं कोणीच विचारलं नाही. तू आपण होऊन सांगायला आलीस तेव्हा मी काय केलं, ते लिहायला आज बसलेय.

साठ सालानंतरची गोष्ट. मी फायनल होऊन गावच्याच शाळेत लागले होते, बावीस वर्षांची, नाकावर माशी बसू न देणारी. बाबा मुंबईला गोदीत कारकून. घरात तू, मी आणि काकी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची विधवा. तुझ्या मानेला गाठ आली ती तू अख्खा पावसाळा पदराखाली लपवलीस. दिवाळीत काकी तुला तेल लावत होती तेव्हा तिच्या हाताला ती लागली. सुपारीएवढी होती. बाबा रजेवर आलेले होते म्हणून लगेच मालवणला गेलो. डॉक्टरांनी मान चाचपली, दुसरी बाजू चाचपली, काखेत चाचपलं, आणि तुला बाहेरच्या बाकावर बसवून ते बाबांशी बोलले. बाबा बाहेर आले ते अशक्तपणा आहे म्हणाले, मुंबईला एकदा दाखवून घेऊ म्हणाले. तेव्हापासून आपल्या घरात त्या दुखण्याचं नाव अशक्तपणा. खरं नाव मी बाबांच्या तोंडून ऐकलं, काकीनं माझ्या तोंडून, आणि तू कोणाच्याच नाही. तुला काही ठाऊक नाही असं धरून आम्ही तिघं वागत राहिलो. तूही आम्हांला तसं वागू दिलंस.

मग आगबोटीनं तू मुंबईला गेलीस, आत्याच्या खोलीवर राहिलीस. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तुझ्या शिरेतून ते औषध चढवलं. शिमग्याच्या सुमाराला बाबा तुला परत घेऊन आले. गाठ अर्धी झाली होती. सगळ्यांनी तेच पाहिलं. मीही तेच पाहिलं, मान अशी वळव, तशी वळव करून दोनदा पाहिलं. तुझे डोळे कुठे गेलेत, हाताच्या शिरा काळ्या का पडल्यात, हे नंतर. डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या बरोबर दिल्या होत्या आणि पावसाआधी पुन्हा घेऊन या, दुसरी पाळी द्यायची आहे, असं बजावलं होतं. पावसाआधी म्हणजे वैशाखातल्या शेवटच्या बोटीनं. एकदा समुद्र बंद झाला की गणपतीपर्यंत बोट नाही, आणि घाटातून मोटारीचा दोन दिवसांचा प्रवास तुझ्यानं झाला नसता. तेव्हा शेवटच्या बोटीत बसलीस तर चार महिने मुंबई, नाही बसलीस तर चार महिने घर. मधला रस्ता नव्हता.

गोळ्या मी द्यायची. सकाळी शाळेत जाण्याआधी तुझ्या हातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. तू गिळायचीस. मग मी पेज आणायची. पेजेची पहिली वाफ तोंडावर आली की तुझ्या पोटात ढवळायचं, आणि मी आपली घालतेय घशात, दोन घास तरी, एक घास तरी, माझ्यासाठी तरी. एकदा तू तो घास तस्तात ओकून टाकलास आणि मी फणकारले, जरा मनावर घेतलंस तर राहील की पोटात. तू पदरानं तोंड पुसलंस. आवाज न चढवता म्हणालीस, "मी तुझ्या शाळेतला पोर न्हय." एवढंच. तुझ्या हातचा मार मी लहानपणी पुष्कळ खाल्ला, विसरले. हे काही विसरता आलं नाही.

चैत्रात केस गेले. आधी फणीत, मग उशीवर, मग आंघोळीच्या पाण्यात. गळालेले केस तू एका फडक्यात गोळा करून ठेवत होतीस, कशाला ते तुलाच ठाऊक. नेमकी सुरंगी फुलायचे ते दिवस. दरवर्षी तू उन्हं यायच्या आत घरामागच्या परड्यातल्या झाडाखाली जायचीस, मिटल्या कळ्या खुडून त्यांचे वळेसर करायचीस, एक देवाला, एक तुझ्या अंबाड्याला, उरलेले शेजारच्या बायकांना. त्या वर्षी कळ्या झाडावरच फुटून खाली पडल्या. काकीनं एक वळेसर करून तुझ्यापुढे ठेवला, बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तू तो दिवसभर मांडीवर घेऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी तू मला ट्रंकेतली लाकडी पेटी काढायला लावलीस आणि तुझी केसांतली सोन्याची फुलं माझ्या हातात दिलीस. "हेंका आता माझ्याकडे जागा नाय. तुझ्या केसात ऱ्हवांदेत." मी घेतली. तुझे केस परत येतील असं तेव्हा म्हणायला हवं होतं, आणि ते खरंही झालं असतं. माझ्या तोंडून निघालं काय, तर पेटी कुठे ठेवू?

गावात सवाष्णीच्या डोक्यावर केस नाहीत हे कोणी पाहिलेलंच नव्हतं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि पदराखाली रिकामं डोकं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारीण आली, तुझ्यासमोर बसली, आणि करंडा उघडून घुटमळली. पदर सरकलेला तिला दिसला होता. मग लांबूनच बोट पुढे करून तिनं कुंकू टेकवल्यासारखं केलं आणि उठली. त्या दिवसापासून तू माजघराच्या बाजूची खोली धरलीस. दार ओढून घेतलंस. कोणी आलं तर झोपलेय म्हणून सांग, असं मला बजावलंस. लोकही येत राहिले काही दिवस, काय झालंय तरी काय, लागट तर नाही ना, असं दबक्या आवाजात काकीला विचारत. मग तेही थांबले. आये, तू बारा महिने पायाला भिंगरी लावलेली बाई. शेतात तू, विहिरीवर तू, डोक्यावर ओझं घेऊन चालत मालवणचा बाजार करणारी तू. आणि ती खोली चार हात लांब, एक खिडकी, खिडकीबाहेर गोठ्याची भिंत. मी शाळेतून आले की तू त्या भिंतीकडे तोंड करून बसलेली असायचीस. काय करतेस विचारलं तर म्हणायचीस, काय नाय, बसलंय.

एकदा तू सरळ विचारलंस. मी तुझी उशी बदलत होते. "मी मरतलंय काय गो?" ना डोळ्यांत पाणी, ना आवाजात काही, पाऊस येईल का विचारावं तसं विचारलंस. आणि मी, चाळीस पोरांना धाकात ठेवणारी बाई, म्हणाले, काहीतरीच काय विचारतेस, अशक्तपणा तो, जाईल. तू मान हलवलीस. मग म्हणालीस की तुला धामापूरला माहेरी नेऊन आणावं, एकदा तळ्याच्या काठावर बसायचंय. ऊन फार आहे, आता नको, असं मी म्हटलं. तू परत मान हलवलीस. तेव्हा मला वाटायचं, किती समजूतदार आहे आपली आई. आता कळतं की तू एकेक दार ढकलून पाहत होतीस.

वैशाखात बाबांचं कार्ड आलं. शेवटच्या बोटीची तिकिटं काढली आहेत, मी न्यायला येतो, तयारी ठेवा. मी वाचून दाखवलं, या खेपेला सावकाश. तू ऐकून घेतलंस आणि काकी बाहेर गेल्यावर माझा हात धरलास. तुझी बोटं गरम होती. "माका आता ती सुई नको. ती शिरेत गेली काय सगळो जीव करपता. पावसात माका हंयच ऱ्हवांदे. काय व्हयाचा ता हंय होवंदे." मी म्हटलं, बाबांना मग तसं सांग. तू हसलीस. बाबांना कधी नाही म्हटलंयस तू? त्या घरात बाबांच्या शब्दापुढे जाणारा एकच होता, आणि तो देवळात. तुझ्या डोक्यात ते आधीच शिजलेलं होतं. "तू देवळात जा. कौल लावून घे. देव ऱ्हव म्हणालो तर ऱ्हवतलंय, तुझो बापूसय काय बोलाचो नाय. जा म्हणालो तर गप बोटीत बसतलंय, एक शब्द काडूचंय नाय." बाबा यायला आठ दिवस होते.

आये, कौलावर माझा काडीचा विश्वास नव्हता. शाळेत मी पोरांना सांगायची, देवाच्या दगडी अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या की जी आधी सुकते ती आधी पडते, त्यात देव काय करणार. तरी तू सांगितलंस म्हणून गेले. सोमवार होता. देवळात गुरव होता, आणि त्यानं देवळाच्या मानकऱ्यांना बोलावून घेतलं. ते पान चघळतच आले, तुझी चौकशी केली, आणि मग हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. मला वाटलं होतं घाईत उरकतील. त्यांनी तसं केलं नाही. तुझं माहेरचं गाव सांगितलं, कुळ सांगितलं, देवा, ही बाई तुझ्या दारात कधी रिकाम्या हातानं आली नाही असं सांगितलं, आता पावसाचे चार महिने तिला तुझ्या सावलीत घरीच राहू द्यायचं असेल तर उजवा दे म्हणाले. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवीकडची पाकळी निसटून खाली आली. डावी तशीच चिकटून. मानकरी वळले आणि म्हणाले, "उजवो दिल्यान. ऱ्हवांदे तिका घराक." गुरवानं ती पाकळी माझ्या हातावर ठेवली, तुला द्यायला.

देवळापासून आपल्या घरापर्यंत किती, अर्धा मैलही नाही. शेताच्या बांधावरून, मग व्हाळ ओलांडून, मग आपलं परडं. व्हाळात पाणी नव्हतं. तिथे दगडांवर मी ती पाकळी टाकली. डॉक्टर म्हणतात गाठ अर्धी झालीय, आणि एका पाकळीसाठी औषध सोडायचं, शिकल्याचा मग उपयोग काय, असं मी स्वतःला सांगत होते. मोठ्यानं सांगत होते, मला आठवतंय. घरी आले तर तू तोंड धुऊन, कुंकू लावून, दार उघडं टाकून बसली होतीस. कित्येक दिवसांनी ते दार उघडं होतं.

"काय दिल्यान गो?"

"डावो," मी म्हटलं.

कोणाकडून लावला, गाऱ्हाणं कोणी घातलं, यातलं तू काही विचारलं नाहीस. तू, मुळापासून ऐकणारी. थोड्या वेळानं ट्रंक खाली काढ म्हणालीस. मी ट्रंक काढत असताना पाठीमागून तुझा आवाज आला, माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखा. "देवाकय मी नको झालंय." मी ट्रंकेची कडी काढण्यात फार गुंतल्याचं दाखवलं.

माझं खोटं उघडं पडायला हवं होतं, आठ दिवस पुष्कळ असतात. पण तुझ्या खोलीत कोणी येतच नव्हतं, मग तुला सांगणार कोण? एक काकी तेवढी. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवरून आली, घागर उतरवली, आणि मला पडवीत गाठून हळूच म्हणाली, "गुरवाची बायल सांगी होती, उजवो दिलेलो म्हणान." मी म्हटलं, तिकिटं काढून झालीत काकी, डॉक्टरांनी बोलावलंय. काकी माझ्याकडे बघत राहिली. तू रात्रंदिवस ओकायचीस ते तस्त मी शाळेत गेले की तीच उपसायची. मग ती चुलीकडे गेली आणि तांदूळ निवडायला बसली. त्या विषयावर आम्ही दोघी जन्मात पुन्हा बोललो नाही.

बाबा आले, आणि काकीला घेऊन आपण चौघं बैलगाडीतून मालवणला गेलो. गाडीत गवत टाकून वर गोधडी घातली होती, तरी खड्डा आला की तू ओठ आवळत होतीस. बोट लांब खोल पाण्यात उभी, माणसांना पडावातून न्यायचे. बाबा सामान चढवत होते. किनाऱ्यावर ही गर्दी, सुटीवरून परतणारे चाकरमानी, फणस, आंब्यांच्या पेट्या, रडणारी पोरं. तू डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला होतास, वाऱ्यानं उडेल म्हणून एका हातानं धरून. पाण्यात पाय टाकण्याआधी तू थांबलीस आणि माझ्याकडे वळलीस. विनवणी नव्हती त्यात. नीट समजून घेतल्यासारखं विचारलंस, "डावोच मां गो?" बाबा दहा पावलांवर होते. बोट समोर उभी होती. एका शब्दाचं काम होतं, आणि त्या एका शब्दानं तू माघारी फिरली असतीस, बाबा चिडले असते, आरडाओरडा झाला असता, पण देवाचा उजवा कौल मोडून बाबांनी तुला नेलं नसतं. मी म्हटलं, "होय." खलाशांनी तुला उचलून पडावात ठेवलं. तू मागे वळून पाहिलं नाहीस. माझ्यावर रागावून नव्हे, पदर सुटेल म्हणून, असं मी कित्येक वर्षं धरून चालले.

पावसाचे चार महिने बाबांची कार्डं येत होती. प्रकृती ठीक, औषध चालू, काळजी नसावी. आत्यानं पुढे कधीतरी खरं सांगितलं. एका खोलीत सात माणसं, तू मोरीजवळच्या कोपऱ्यात, येणारा-जाणारा तुला ओलांडून जाणार. सुईचा दिवस आला की तू आदल्या दिवसापासून काही बोलायची नाहीस. तक्रार कधी केली नाहीस म्हणे. फक्त रोज सकाळी विचारायचीस, बोट चालू झाली का. आत्या म्हणायची, अगो, आषाढ आहे हा. दुसऱ्या दिवशी परत तेच.

गणपती झाल्यावर पहिल्या बोटीनं तू आलीस. गाठी गेल्या होत्या, हे खोटं कशाला बोलू. गळा पहिल्यासारखा झाला होता. डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं. दिवाळीपर्यंत तुझ्या डोक्यावर बोटभर केस आले, कुरळे, आणि काकीनं आरसा धरला तेव्हा तू हसलीस. पोरग्यासारखा दिसतंय, म्हणालीस. पडवीत बसायला लागलीस. एकदा माझ्या शाळेपर्यंत चालत आलीस आणि खिडकीतून माझं शिकवणं ऐकत उभी राहिलीस. ते दोन-अडीच महिने त्या सुईनं दिले, आणि मी ते डावलणार नाही. कधी वाटतं, तेवढ्यासाठी मी केलं ते बरोबर होतं. मग पौषात काखेत पुन्हा गाठ आली. पुन्हा मुंबईला जायचं नाही असं या खेपेला बाबाच म्हणाले.

पण एक गोष्ट त्या दोन-अडीच महिन्यांतही परत आली नाही. तू देवाशी बोलणं सोडलंस. पूर्वी तुळशीला पाणी घालताना, दिवा लावताना, भाताची पेंढी बांधताना तुझं त्याच्याशी अखंड चालायचं, भांडण, लाडीगोडी, धमक्या, सगळं. आम्ही हसायचो. माणसांना जे सांगता येत नव्हतं ते तू त्याला सांगायचीस. मुंबईहून आलीस ती गप्पच. दिवा काकी लावायची. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरत आपल्या दारापुढच्या खळ्यात आली, ढोल वाजले, बायका ओटी भरायला धावल्या. मी खोलीत आले, चल म्हटलं, धरून नेते, दारातून तरी दर्शन घे. तू भिंतीकडे तोंड करून निजली होतीस. "तेणा माका नको म्हटल्यान. मी कित्याक पुढे पुढे करू?" पालखी खळ्यात होती, आये. मानकरी बाहेर उभे होते, ज्यांनी तुझं गाऱ्हाणं घातलं तेच. त्यांना आत बोलावलं असतं तरी झालं असतं. मी तुझ्या पायांवर गोधडी सारखी केली आणि बाहेर जाऊन तुझ्या नावानं ओटी भरून आले. त्यानंतर बाराव्या दिवशी तू गेलीस.

लोक म्हणतात मी देव मानत नाही, देवळाची पायरी चढत नाही, शिकलेली बाई. म्हणू देत. त्या देवळात मला काय बोलायचं असणार? सुया, उलट्या, केस, हे सगळं दुखण्यानं आणि औषधानं केलं. पण तुझं ऐकणारा तो एक होता, आणि तोही तुला नको म्हणाला, हे तुझ्या मनात भरवून मी तुला त्या खोलीत कोंडलं. बाहेरून कडी लावली असती तरी इतकी घट्ट लागली नसती. तो तुला ऱ्हव म्हणाला होता. तुझं गाऱ्हाणं संपायचीही वाट न बघता म्हणाला होता.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, जाळणारही नाही, घरच्यांना सापडलं तर सापडलं. एक राहिलंय तेवढं लिहिते. इतका वेळ मी तुला सांगत आलेय की डॉक्टर म्हणाले म्हणून, गाठ अर्धी झाली म्हणून, तू जगावीस म्हणून मी खोटं बोलले. त्यात थोडं खरं आहे. पण देवळातून येताना व्हाळात मी उभी राहिले तेव्हा माझ्या मनात डॉक्टर नव्हते गो. पाऊस होता. चार महिने बंद दारांच्या त्या घरात तू, मी नि काकी, आणि शाळेतून परत येताना वळणावर जड होणारे माझे पाय. तू मरशील याची मला भीती होती, आणि तू अशीच राहशील याचीही तेवढीच. मला सुटायचं होतं. त्या दिवशी किनाऱ्यावर मी खूप रडले, गावच्या बायकांनी मला धरून गाडीत बसवलं. वाटेत काकीनं गाडी थांबवून बांगडे घेतले. तुला वास सोसत नव्हता म्हणून तीन महिने आपल्या चुलीवर मासळी शिजली नव्हती. तिनं तिखलं केलं, आम्ही दोघी चुलीपुढेच जेवायला बसलो. मी तीनदा भात वाढून घेतला. मला भूक लागली होती, आये.